लाल शाई वेलांटीपाशीच का थांबते? मराठी शिकवणाऱ्यांना एक खुले पत्र

मराठीच्या सर्व शिक्षक-शिक्षिकांना,

स. न. वि. वि.

मी मुद्रितशोधन आणि संपादन करतो. दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर वाचायचा, खुणा करायच्या, दुरुस्त होऊन आला की पुन्हा वाचायचा, हाच दिवसभराचा उद्योग. अधूनमधून निबंधस्पर्धांचे परीक्षण वाट्याला येते आणि ओळखीतली मुले तपासून मिळालेल्या निबंधाच्या वह्या दाखवायला आणतात. हे पत्र त्या वह्यांबद्दल आहे. याला तक्रार म्हटलेत तरी चालेल. पण ती दूर करणे तुमच्याच हातात आहे, म्हणून मध्ये कोणाला न घालता थेट तुम्हाला लिहितो आहे.

वही उघडली की आधी लाल शाई दिसते. 'आणी'भोवती गोल, 'परिक्षा'भोवती गोल, 'फूलाला'खाली रेघ. समासात कुठेतरी 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' आणि तळाशी गुण. एवढे झाले की तपासणी संपली. त्याच पानावर एका वाक्याला कर्ताच नसतो, दुसऱ्यातले क्रियापद भलत्याशीच जुळलेले असते, पुढची चार वाक्ये 'आणि'ने एकमेकांच्या गळ्यात बांधलेली असतात. तिकडे लाल शाई फिरकत नाही. मूल घरी जाते ते आपल्या तीन वेलांट्या चुकल्या एवढेच शिकून. पुढच्या निबंधात वेलांट्या सुधारतात आणि निबंध होता तिथेच राहतो.

गैरसमज नको. शुद्धलेखन गौण आहे असे म्हणणारा मुद्रितशोधक उपाशी मरेल. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'शिर' आणि 'शीर' यांत एका खुणेने अर्थ फिरतो. 'दऱ्या' डोंगरात असतात आणि 'दर्या' किनाऱ्यापलीकडे, हे ज्याला दिसत नाही त्याच्या हाती छापायचा मजकूर देऊ नये. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि आपण आज ज्यांना शुद्धलेखनाचे नियम म्हणतो ते हे १८. माझी रोजीरोटी बरीचशी त्यांच्यावर चालते.

पण हे १८ नियम एकदा सलग वाचून पाहा. अनुस्वार कुठे द्यावा, शेवटचा इकार-उकार दीर्घ कधी, शेवटून दुसरा ऱ्हस्व कधी, 'फूल'चे 'फुलाला' होते तर 'शरीर'चे 'शरिराला' का होत नाही, 'करणे'चे 'करण्यासाठी' कसे होते. सगळे नियम शब्द कसा लिहावा याबद्दल आहेत. वाक्य कसे रचावे याबद्दल त्यांत अवाक्षर नाही, आणि असण्याचे कारणही नाही. ते काम व्याकरणाचे. घोटाळा झाला तो इथे. वर्गात 'व्याकरणाच्या चुका' म्हटले की शुद्धलेखनाच्या चुका असा अर्थ रूढ झाला. आणि खरे व्याकरण, म्हणजे कर्ता, कर्म, विभक्ती, प्रयोग, हे वेगळ्या तासाला, वेगळ्या प्रश्नात, 'ओळखा' आणि 'प्रकार सांगा' एवढ्यापुरते उरले. एका पानावर मूल कर्मणी प्रयोग बिनचूक ओळखते, गुण मिळवते, आणि पान उलटून निबंधात लिहिते, 'सकाळी लवकर उठण्यात आले.' या दोन पानांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

प्रत्यक्ष एक परिच्छेद घेऊ. हा कोणा एका मुलाचा नाही, मी बेतलेला आहे. पण असे परिच्छेद तुम्ही आठवड्याला गठ्ठ्याने वाचता. विषय 'पावसाळ्यातील एक दिवस':

'पावसाळा हा सर्वांना आवडणारा असा ऋतू आहे. पावसाच्या आगमनाने संपूर्ण सृष्टी आनंदित होते. सकाळी उठून आकाशात काळे ढग जमा झाले होते. त्यामुळे शाळेत जाण्यासाठी छत्री घेण्यात आली. रस्त्यात मित्र भेटला आणि त्याची छत्री नव्हती आणि तो भिजलेला होता आणि मग आम्ही एका छत्रीतून गेलो आणि त्यामुळे आम्हाला खूप मजा आली.'

यात शुद्धलेखनाची चूक एकही नाही. लाल शाईला इथे काम नाही. आता व्याकरणाला विचारू.

'सकाळी उठून आकाशात काळे ढग जमा झाले होते.' कोण उठले? वाक्याप्रमाणे पाहिले तर ढग. 'उठून', 'येऊन', 'पाहून' या रूपांचा करणारा साधारणपणे मुख्य क्रियापदाचा जो करणारा तोच असावा लागतो. इथे लिहिणाऱ्याच्या मनात 'मी उठलो' होते, कागदावर मात्र 'मी' आलाच नाही. ('पाऊस पडून रस्ते ओले झाले' यात करणारे दोन आहेत आणि तरी वाक्य चालते, हे तुमच्यातले कोणी लगेच दाखवून देईल. बरोबर आहे. तिथे 'पडून'ला स्वतःचा कर्ता जवळच दिलेला आहे आणि नाते कारणाचे आहे. ढगांच्या वाक्यात यातले काहीच नाही.)

'छत्री घेण्यात आली.' कोणी घेतली? समितीने? शाळेला निघालेल्या एकट्या मुलाच्या तोंडी ही भाषा कुठून आली, हे शोधायला फार लांब जायला नको. सूचना, परिपत्रके, अहवाल, बातम्या यांत सगळे काही 'करण्यात येते'. तिथे करणारा लपवण्याची सोय असते, कधीकधी गरजही असते. मुलाला वाटते, लिहायची भाषा ती हीच.

'त्याची छत्री नव्हती.' मग कोणाची होती? म्हणायचे होते 'त्याच्याकडे छत्री नव्हती'. विभक्ती बदलली की मालकीचा प्रश्न जवळ असण्या-नसण्याचा होतो.

आणि ते शेवटचे वाक्य. चार वेळा 'आणि'. घडलेल्या गोष्टी घडल्या त्या क्रमाने एका दोरीत ओवल्या आहेत. कोणती महत्त्वाची, कोणती कशामुळे घडली, याचा पत्ता नाही. 'त्यामुळे' एकदा आले आहे, पण तेही चुकीच्या जागी: मजा नेमकी कशामुळे आली?

मी या मुलासमोर बसलो असतो तर एक शब्दही खोडला नसता. एवढेच विचारले असते: कोण उठले? छत्री कोणी घेतली? छत्री केवढी होती? तुम्ही दोघे तिच्यात मावलात का? मग बहुधा असे काहीतरी आले असते:

'सकाळी उठलो तेव्हा आकाश काळे झाले होते. मी छत्री घेतली. रस्त्यात मित्र भेटला. त्याच्याकडे छत्री नव्हती आणि तो आधीच निम्मा भिजला होता. आम्ही दोघे एका छत्रीत चालू लागलो. छत्री लहान होती, त्यामुळे शाळेत पोचेपर्यंत त्याचा डावा खांदा भिजला आणि माझा उजवा.'

पहिली दोन वाक्ये गेली, कारण ती पावसाळ्यावरच्या कोणत्याही निबंधात बसतात. 'खूप मजा आली' गेले, कारण दोन खांद्यांनंतर ते सांगायची गरज राहत नाही. 'त्यामुळे'ला त्याची खरी जागा मिळाली. आणि हे दोन खांदे आले कुठून? वर विचारलेल्या प्रश्नांतून. कोण, काय, कोणाला, कशाने, कशातून, कोठे: कर्ता, कर्म आणि विभक्त्यांचे अर्थ शिकवताना आपण हेच प्रश्न फळ्यावर लिहितो. शब्दाला कोणता प्रत्यय लागला ते ओळखण्यासाठी हे प्रश्न वापरले जातात आणि तिथेच सोडून दिले जातात. पण निबंधात काय लिहायचे हे न सुचलेल्या मुलाला विचारायचे प्रश्नही नेमके हेच आहेत. या पत्रात मला सांगायचे आहे ते एवढेच, बाकी सगळा त्याचा विस्तार. व्याकरण लिहून झाल्यावर चुका काढण्यासाठी जितके लागते, त्याहून जास्त ते लिहीत असताना लागते.

प्रयोगांचेच घ्या. मराठीत प्रयोग किती यावर व्याकरणकारांत मतभेद आहेत आणि ते मिटण्याची मुलांनी वाट पाहण्याचे कारण नाही. फळ्यावर चार वाक्ये लिहा:

मी काच फोडली.
माझ्या हातून काच फुटली.
काच फुटली.
काच फोडण्यात आली.

घटना एकच. पहिल्या वाक्यात मी उभा राहून कबूल करतो आहे. दुसऱ्यात कबुली आहे, पण हेतू नव्हता असेही आत सांगून टाकले आहे. तिसऱ्यात मी तिथे होतो की नाही तेच कळत नाही. चौथ्यात कोणीतरी ठरवून फोडली आहे आणि नाव सांगायचे नाही. वर्गाला विचारा, घरी सांगताना यातले कोणते वाक्य वापराल? एकही मूल गप्प बसणार नाही. प्रयोग ही ओळखण्याची नव्हे, निवडण्याची गोष्ट आहे हे त्यांना माहीतच असते, कारण बोलताना ती रोज निवडतात. शैली म्हणून आपण जे काही गूढ समजतो त्याचा मोठा भाग असल्या निवडींचा असतो. एकदा हे लक्षात आले की 'करण्यात आले' मुलांच्या वाक्यांतून आपोआप गळू लागते, आणि जिथे ते खरोखर हवे, म्हणजे करणारा माहीत नसतो किंवा महत्त्वाचा नसतो, तिथे राहते.

सर्वनामांकडे कोणीच बघत नाही, याचे मला फार नवल वाटते. 'नेहाने स्मिताला तिच्या घरी नेले.' कोणाच्या? 'नेहाने स्मिताला आपल्या घरी नेले' म्हटले की प्रश्न मिटला. कर्त्याकडे बोट दाखवणारे 'आपला' मराठीत तयार ठेवलेले आहे आणि मुले ते दिवसेंदिवस कमी वापरतात. 'मी माझ्या आईला माझ्या हाताने माझ्या वहीत लिहून दिले' अशी वाक्ये हल्ली सर्रास दिसतात. 'आम्ही' आणि 'आपण' यांचेही तसेच. 'आम्ही' म्हटले की वाचणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. निबंध 'मी'ने सुरू होतो, दुसऱ्या परिच्छेदात 'आपण' होतो, तिसऱ्यात 'मानवाने' होतो आणि शेवटी 'प्रत्येक नागरिकाने'. बोलणारा एकच, पण वाक्यागणिक तो खुर्ची बदलतो. एक खूण तिथे करा: 'कोण बोलते आहे?' बस्स.

जागेबद्दल थोडे. मराठीत शब्द हलवता येतात, प्रत्यय नाते सांभाळतात, म्हणून क्रमाला महत्त्व नाही असे मुलांना वाटते. 'घरी जाताना मी मित्राला पाहिले' आणि 'मी मित्राला घरी जाताना पाहिले', यांत घरी जाणारा बदलला आणि बदलले ते फक्त शब्दांच्या जागेने. 'च' आणि 'ही' यांची तर गंमतच आहे. 'मीच त्याला पुस्तक दिले', 'मी त्यालाच पुस्तक दिले', 'मी त्याला पुस्तकच दिले', 'मी त्याला पुस्तक दिलेच': एका अक्षराने चार भांडणे उभी राहतात. हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात आणि वर्ग हसतो, हा वरचा लाभ.

'जो-तो' या जोडीचे दुखणे मात्र जुने आहे. मूल 'ज्या मुलांनी' असे वाक्य सुरू करते, मध्ये दोन ओळींचा फेरफटका मारून येते, आणि शेवटी 'ती' किंवा 'त्यांना' यायला हवे तिथे दुसरेच वाक्य सुरू झालेले असते. 'जरी' येते, 'तरी' येत नाही. वाक्य लांब झाले की असे होणारच. पण त्याला 'वाक्य लहान कर' एवढाच सल्ला दिला जातो आणि तो मला अर्धवट वाटतो. लहान वाक्यांचीही रांग लागली की वाचणाऱ्याला ठेचा लागत राहतात. जोडी पुरी करायला शिकवले, तर मूल लांब वाक्यही पेलू शकते.

विरामचिन्हांबद्दल तुम्हाला एक आठवण करून देतो. मोडीत लिहिताना दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, विरामचिन्हे तर नव्हतीच. आजची स्वल्पविराम-पूर्णविरामाची पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून, छापील पुस्तकांबरोबर आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर मराठीत पुस्तिका लिहिली होती. म्हणजे मराठी गद्याने हे चिन्ह-शास्त्र स्वीकारले ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. मुले ते शोभेसाठी वापरतात. उद्गारचिन्हे तिनाच्या जुडग्यात येतात, स्वल्पविराम दम लागेल तिथे येतो. यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: निबंध मोठ्याने वाचायला लावणे, आणि तोही लिहिणाऱ्याला नव्हे, शेजारच्या मुलाला. तो जिथे अडखळेल तिथे चिन्ह चुकले आहे किंवा वाक्य. लिहिणाऱ्याने स्वतः वाचले तर तो नसलेले स्वल्पविरामही वाचून दाखवतो.

आता जरा नाजूक विषय. 'मी त्याला बोललो', 'मी त्याची मदत केली', 'तो माझ्यापेक्षा जास्त मोठा आहे', यांच्याखाली रेघ ओढायला माझी हरकत नाही. 'त्याला म्हणालो', 'त्याला मदत केली' हे प्रमाण लेखनात हवेच. पण मुलाच्या घरच्या बोलीतला एखादा शब्द, एखादे क्रियापद दिसले की त्यालाही तीच लाल रेघ मिळते, आणि दोन्हींतला फरक त्याला कळत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर निबंधांत मला थांबवणारे शब्द बहुधा तेच असतात. शुद्धलेखनाचे नियमसुद्धा पात्राच्या तोंडच्या बोलण्याला बोलण्याचे रूप ठेवू देतात. मग निबंधातली आजी छापील मराठी का बोलते? मुलाने तिच्या तोंडी तिची भाषा घातली तर ती चूक नव्हे, कान शाबूत असल्याचा पुरावा आहे. तिथे लाल नको, दुसऱ्या रंगाची शाई घ्या आणि 'अवतरणचिन्हात घे' एवढेच लिहा.

शैलीच्या नावाने वर्गात जे चालते त्याबद्दल मी कमी सौम्य आहे. 'आजच्या धावपळीच्या युगात', 'अनादी काळापासून मानव', 'मानव हा समाजशील प्राणी आहे', 'असे म्हणतात की', मध्ये एक सुभाषित, शेवटी कवितेची ओळ, आणि कोठेतरी 'जणू काही'. स्पर्धेचे निबंध वाचताना वाटते, एकाच मुलाने नावे बदलून लिहिले आहेत. ही वाक्ये मुले मार्गदर्शिकांतून पाठ करतात हे खरे, पण पाठ करतात ती गुण मिळतात म्हणून. गुण कोण देते? मला उत्तर नको आहे. पहिल्या वाक्याला एक कसोटी लावा: हेच वाक्य दुसऱ्या विषयाच्या निबंधाला सुरुवात म्हणून चालेल का? चालत असेल तर ते काढून टाकायला सांगा, आणि ते का काढले हे दुसऱ्या वाक्यापासून वाचून दाखवा. दहातल्या आठ वेळा निबंध दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्याला खरा सुरू होतो, असा माझा अंदाज आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा.

नामांनी फुगवलेली क्रियापदे हा याच रोगाचा दुसरा प्रकार. 'वाचणे'चे 'वाचन करणे', त्याचे 'वाचनाचे कार्य करणे', मग 'वाचनाच्या माध्यमातून ज्ञानाची प्राप्ती करून घेणे'. शब्द वाढतात, पान भरते. शब्दमर्यादा 'इतक्या शब्दांपर्यंत' अशी न घालता 'इतक्या शब्दांत' अशी घातली की मुले पान भरायच्या मागे लागतात, याला त्यांचा काय इलाज? आणि विषयात 'की' असूनही (शाप की वरदान, अमुक हवे की तमुक) निबंध नेहमी 'नाण्याला दोन बाजू असतात' यावर संपतो. बाजू घेतली तर गुण कापले जातील ही भीती मुलांना कोणी घातली ते मला माहीत नाही. ती काढून टाकणे मात्र तुमच्या हातात आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे तपासायला वेळ कुठे आहे. वर्गात मुले किती, गठ्ठे किती, शिवाय शिकवण्याबाहेरची कामे. हे मला मान्य आहे, म्हणूनच मी जास्त तपासा असे म्हणत नाही, कमी तपासा म्हणतो. एका निबंधात एकच गोष्ट पाहा. या खेपेला फक्त 'उठून-येऊन' यांचे कर्ते, पुढच्या खेपेला फक्त सर्वनामे, त्यापुढे फक्त पहिले वाक्य. कोणती गोष्ट पाहणार हे मुलांना आधी सांगून टाका. त्यात लपवण्यासारखे काही नाही. बाकीच्या चुका त्या दिवसापुरत्या सोडून द्या. सोडवत नाही, हे मी पेशामुळे जाणतो. पण सगळीकडे लाल झालेल्या पानावरून मूल काहीच उचलत नाही. एकाच प्रकारच्या पाच खुणा असल्या तर त्यांतले साम्य त्याला आपसूक दिसते.

आणि तपासलेला निबंध पुन्हा लिहायला द्या. ही माझी मुख्य मागणी. छापून येणारा कोणताही बरा मजकूर एकदाच लिहिलेला नसतो. माझ्या टेबलावरून तो दोनदा-तीनदा जातो आणि लेखकाकडून त्याआधी कितीदा गेलेला असतो कोण जाणे. शाळेत मात्र निबंध एकदाच लिहायचा, गुण घ्यायचे, पुढचा विषय. चूक कळली तरी ती दुरुस्त करून पाहण्याची संधी त्या वहीत येतच नाही. सत्रात आठ विषय असतील तर चारच घ्या आणि प्रत्येक दोनदा लिहून घ्या. गुण दुसऱ्या खर्ड्याला द्या. दुसरा खर्डा तपासायला निम्म्याहून कमी वेळ लागतो, कारण काय पाहायचे ते तुम्हाला ठाऊक असते. 'फेअर करून आण' म्हणजे दुसरा खर्डा नव्हे, हेही सांगावे लागेल. सुवाच्य अक्षरात तीच वाक्ये परत आली तर वही तशीच परत करा.

परीक्षेत तर एकदाच लिहावे लागते, मग दोनदा लिहिण्याची सवय कशाला, असे एक शिक्षिका मला म्हणाल्या होत्या. सवय हाताला लागते असे मला वाटते. ज्याने वर्षभर पहिले वाक्य खोडले आहे, तो परीक्षेत ते लिहीतच नाही.

शेवटची विनंती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना. 'प्रयोग ओळखा'बरोबर एखादा प्रश्न असाही घाला: 'छत्री घेण्यात आली' हे वाक्य छत्री घेणाऱ्या मुलाच्या तोंडी घालून लिहा. 'नेहाने स्मिताला तिच्या घरी नेले' याचे दोन अर्थ सांगा आणि प्रत्येक अर्थासाठी एक वाक्य लिहा. 'मी त्याला पुस्तक दिले' यात 'च' तीन ठिकाणी घालून प्रत्येक वाक्य कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणेल ते लिहा. तपासायला सोपे, उत्तर पाठ करता येत नाही, आणि मार्गदर्शिकेत ते छापून येईपर्यंत तुमच्याकडे निदान एक वर्ष आहे.

कोणी वर्गात यातले काही करून पाहिलेत तर मुलांचे दोन्ही खर्डे मला वाचायला आवडतील, पहिला न खोडता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मुद्रितशोधक